चपलांतली वाळू

२ डिसेंबर १९८५, सोमवार

आज स्टुडिओत समुद्र आणायचं ठरलं. गोरेगावच्या आमच्या स्टुडिओमागे मोठा सिमेंटचा हौद आहे, त्याच्या एका बाजूला वाळू-गोट्यांचा उतार घालून किनारा करायचा. जहाज फुटून हिरॉइन त्या किनाऱ्याला लागते आणि तिथे एकटीच राहते. खऱ्या किनाऱ्यावर बघ्यांची जत्रा भरते, म्हणून हौद.

मी ड्रेस डिपार्टमेंटची. काम कंटिन्युइटीचं. काल शॉटमध्ये पदर जिथे फाटला होता, तिथेच तो आज फाटलेला दिसला पाहिजे. डायरेक्टरसाहेब म्हणाले, "वनमालाबाई, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. किनारापण तुम्हीच बघा. काल होता तस्साच आज दिसायला हवा." मी हो म्हणून बसले. लुगड्यांना इस्त्री करणारीने आता समुद्राला इस्त्री करायची.

घरी आले तर पुन्हा तोच वास. तंबाखूचा, ह्यांच्या पुडीचा. माठातलं पाणीही सकाळी भरून गेले होते त्यापेक्षा बरंच खाली. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माका काय वास येणा नाय. तुझ्या मनाचे खेळ ते."

असतीलही. ह्यांना आक्साच्या समुद्राने नेलं त्याला दीड वर्ष होऊन गेलं. संपात गिरणी गेली, मग दोन वर्षं घरी बसून काढली, आणि मग एका पावसाळी रविवारी नानाभावजींबरोबर फिरायला म्हणून गेले ते गेलेच. भावजी एकटे परत आले. "दादा खडकावर उभा होता वहिनी, लाट आली आणि घेऊन गेली." पोलिसांनी शोधलं, कोळ्यांनी शोधलं. काही मिळालं नाही. दोन दिवसांनी भावजींनी वर्तमानपत्रात गुंडाळून चपला आणल्या. दादाच्या पायातल्याच, समुद्राने वर फेकल्या, गोट्यांच्या रांगेत सापडल्या म्हणाले.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही सवय, वहीतसुद्धा हात अडतो. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून निदान बाकीचं तरी लिहिते.

५ डिसेंबर

ट्रक आला. सेटिंगचा मुख्य मिस्त्री कुंडलिक वाहुळे हा जालन्याकडचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मिशी फुटली होती म्हणतो. त्यानेच माल आणला. "खाडीची रेती आहे बाई, बांधकामाची. धुतलेली नाय, चाळलेली नाय. वरनं गोटे टाकतो, कॅमेऱ्याला काय कळतंय?"

मूठभर हातात घेतली. माती, धूळ, बारीक वाळू, काळी जाड रेती, खडीचे तुकडे, सगळं एकात एक. कुंडलिकने फावड्याने उतार केला, गोटे सगळीकडे सारखे पसरले. चार माणसं लाकडी फळी पुढेमागे ढकलायला लागली आणि लाटा सुरू झाल्या. पाण्याचा पहिल्या पाच मिनिटांत चहा झाला. डायरेक्टरसाहेब ओरडले. मी उताराचे फोटो काढून घेतले आणि गोटे कसे पडलेत ते डोळ्यांत साठवलं.

७ डिसेंबर

काल दिवसभर लाटांची तालीम झाली, आणि आज किनारा ओळखू येईना. गोटे सगळे वर जाऊन बसलेत, हौदाच्या कडेने बांध घातल्यासारखे. त्याखाली जाड रेती, त्याखाली बारीक वाळूचा सपाट पट्टा. शेवग्याच्या शेंगा भाजीवाली लहानमोठ्या वेगळ्या लावते तसं.

"च्यायला, वाट लागली," कुंडलिक म्हणाला. "रात्री कोणीतरी येऊन निवडून ठेवलंय." वॉचमनने आईची शपथ घेतली. मग हौद झपाटलेला आहे असं कुणीतरी म्हणालं आणि दुपारी नारळ फोडला. मीही हात जोडले. माझ्या घरी जे चाललंय ते पाहता मी नारळाला नाही म्हणणारी कोण?

१० डिसेंबर

भूत वगैरे काही नाही. आज दिवसभर हौदाच्या काठावर बसून नुसती लाट बघितली. लाट चढताना जोरात चढते, गोटे-वाळू सगळं वर लोटते. पण गोट्यांमध्ये फटी असतात, पाणी त्यांत मुरून जातं आणि उतरायला पाणीच उरत नाही. त्यामुळे गोटे वर नेलेले वरच राहतात. बारीक वाळूत पाणी इतक्या लवकर मुरत नाही, ते परत येतं आणि येताना वाळूला ओढून खाली आणतं. माती तर पाण्यात मिसळून केव्हाच गेली. लाट पाखडते. आम्ही सुपात तांदूळ पाखडतो, कण्या एकीकडे नि कोंडा एकीकडे, तसं. एकदा चढली की थोडं, शंभरदा चढली की सगळं.

कुंडलिकला सांगितलं. तो म्हणाला, "मग काय बाई, रोज सकाळी परत कालवायचं." तेच ठरलं. लाटेने दिवसभर निवडायचं, आम्ही सकाळी कालवायचं. सासू-सुनांच्या घरात यापेक्षा वेगळं काय असतं.

१५ डिसेंबर, रविवार

सासूबाई मुलुंडला राधामावशींकडे गेल्या. महिन्यातून एकदा जातात. बरोबर बेसनाच्या लाडवांचा डबा. वेलची घालू दिली नाही. राधामावशींना चालत नाही म्हणे. ह्यांनाही चालत नसे, लाडू फोडून वास घेऊन मगच खायचे. डबा भरताना रडू आलं. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी अजून पाहिलं नाही. कोकणातल्या बायका घट्ट, दर्याचं दुःख त्यांना नवं नाही.

संध्याकाळी भावजी त्यांना घरी सोडायला आले. भावजी मुलुंडलाच एका बिल्डिंगच्या कामावर मुकादम आहेत. मी विषय काढला. म्हटलं, घरात वास येतो, पाणी कमी होतं, परवा ह्यांचा टॉवेल दोरीवर ओला होता. आत्मा अडकलाय. विधी करून मोकळं करायला हवं.

"दर्यान नेल्ला दर्यो परत करता," सासूबाई म्हणाल्या. "तुका कसली घाय लागली गो?"

घाई नाही तर काय? मी कोण आहे ते एकदा कळू दे मला. कुंकू लावावं की नाही हे दीड वर्ष मला कुणी सांगितलेलं नाही. करंड्यातलं कुंकू संपलं तेव्हा भरलं नाही. चपलांतून पडलेली वाळू तेवढी त्यात ठेवली आहे. शेवटी त्यांच्या पायाखाली होती ती.

२२ डिसेंबर

हिरॉइनची पितळी पेटी हरवली. किनाऱ्यावर ठेवलेली, शॉटमध्ये दिसणारी, भली जड. चोरी झाली म्हणून तीन जणांच्या पिशव्या उलट्या केल्या, कुंडलिकची पहिली. तो त्या दिवशी जेवला नाही. दुपारी हौद उपसल्यावर पेटी सापडली. होती तिथेच. जड वस्तूभोवती पाणी गरगरतं, कडेची वाळू उकरतं, वस्तू आपल्याच जागी खाली बसते आणि वरून वाळू येते. इंचभरही सरकली नव्हती. आम्ही सगळे तिच्यावरून ये-जा करत होतो.

घरी येताना तेच डोक्यात. समुद्राने लांब कुठे नेलं असं आपण समजतो. कदाचित तिथेच असतील, वाळूखाली, आणि लोक वरून भेळ खात फिरत असतील. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

३० डिसेंबर

आज मी ह्यांना पाहिलं.

स्टुडिओत लवकर पॅकअप झालं, तीनलाच कांदिवलीला उतरले. चाळीच्या वळणावर पाठमोरा माणूस. डावा खांदा किंचित खाली टाकून चालणं, मान तशीच. मला हाक मारवेना. तो रिक्षांच्या मागे गेला आणि दिसेनासा झाला. भुतांचे पाय उलटे असतात म्हणतात. ह्यांचे सरळ होते, पायांत निळ्या रबरी स्लिपर.

घरात आले तर वास होताच. सासूबाई कपबशी विसळत होत्या. मी सांगितलं तर त्यांच्या हातून बशी फुटली. आईचं काळीज शेवटी. मी त्यांना जवळ घेतलं आणि म्हटलं, आई, आता तरी ऐका.

५ जानेवारी १९८६

बोरिवलीच्या भटजींकडे भावजींना घेऊन गेले. भटजींनी नीट विचारलं. माणूस नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं थांबायचं. पण बुडाला हे नक्की असेल, देह तेवढा मिळाला नसेल, तर थांबायचं कारण नाही. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्यालाच अग्नी द्यायचा, मग दिवस करायचे. "बुडताना डोळ्यांनी कुणी पाहिलं?"

मी भावजींकडे बघितलं. ते बराच वेळ पंचांगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी पाहिलं."

पौष अमावास्येचा, ९ फेब्रुवारीचा दिवस ठरला. अग्नी भावजींनी द्यायचा. बाहेर आल्यावर भावजींना घाम फुटला होता. थंडीत. म्हणाले, "वहिनी, राहू दे ना बारा वर्षं. काय बिघडतं?" सख्ख्या भावाला आग द्यायची म्हणजे हात कापणारच. मी त्यांना उसाचा रस पाजला.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारच्या जयंतीने हळदीकुंकवाला सगळ्या खोल्यांना बोलावलं, आमच्या दारावरून पुढे गेली. मग संकोचून ताटलीत तिळगूळ पाठवला. तिचं चुकलं नाही. बोलावलं तरी पंचाईत, न बोलावलं तरी पंचाईत.

सासूबाई आजकाल दिवसभर शिवत असतात. माझं जुनं मऊ पातळ मागून घेतलं आणि त्याचं दुपटं केलं, कडेला हिरवी नक्षी. इतकुसं. राधामावशींच्या चाळीत कुणाकडे पाळणा हलला आहे म्हणे. मी म्हटलं, किती सुंदर टाका आई, माझ्या नशिबात नव्हता. तर उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडून बसल्या. तिथेच रडल्या असाव्यात. मला बरं वाटलं, एकदाच्या रडल्या.

१९ जानेवारी, रविवार

डायरेक्टरसाहेबांना खरे समुद्राचे गोटे हवेत. कुंडलिक, मी आणि टेम्पोवाला आक्साला गेलो. दीड वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. कुंडलिकला माहीत आहे. म्हणाला, "बाई, तुम्ही टेम्पोत बसा ना." नाही बसले.

खडकांच्या बाजूला गोट्यांचा बांध आहे, अगदी आमच्या हौदातल्यासारखा. लाट परत जाताना गोटे एकमेकांवर घासतात, खूप माणसं एकदम दात खात असावीत असा आवाज. मला तिथे उभं राहवेना आणि हलवेनाही. वाटलं, आत्ता नावाने हाक येईल. आली नाही.

बांधाच्या माथ्यावर भरतीने आणून टाकलेलं सगळं होतं. नारळाच्या करवंट्या, बाटल्या, जाळ्याचे तुकडे आणि चपला. चपला खूप. मी एकेक बघत गेले. सगळ्या एकेकट्या. एकाही चपलेला जोडीदार नव्हता. चामड्याच्या होत्या त्या वाळून लाकडासारख्या वाकलेल्या, मिठाने पांढऱ्या पडलेल्या, टाके सुटलेल्या.

"समुद्र जोडी कशाला ठेवील?" कुंडलिक म्हणाला. मग माझा चेहरा बघून गोटे उचलायला लागला.

खाली वाकून वाळू घेतली. एकसारखी. माती नाही, धूळ नाही, कण न् कण निवडलेला. मी ती पदराच्या टोकाला बांधून आणली.

२० जानेवारी

ट्रंकेतून ह्यांच्या चपला काढल्या. दोन्ही आहेत. भावजींनी आणल्या तेव्हापासून दोन्ही होत्याच. चामडं मऊ, टाके शाबूत, आतल्या अंगठ्याच्या खुणा अजून काळ्याभोर. मिठाचा एक डाग नाही.

मग करंडा उघडला. पदरातली वाळू एका ताटलीत आणि करंड्यातली दुसऱ्या. करंड्यातल्या वाळूत माती आहे. राखाडी भुकटी आहे. काळी जाड रेती आहे, खडीचा एक तुकडा आहे, आणि सिमेंटचा गोठलेला खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. कुणीच हे निवडलेलं नाही. लाटेने तर नाहीच.

दीड वर्ष मी रोज त्या करंड्याला नमस्कार करते.

काय दिसतंय ते दिसतंय. पुढचं लिहवत नाही. कदाचित भावजींना चपला दुसरीकडे कुठे सापडल्या असतील, कुणी उचलून आणून ठेवल्या असतील, कुणी धुऊन वाळवल्या असतील. असं होऊ शकतं. माणसं चांगली असतात.

२६ जानेवारी, रविवार

भावजी जेवायला आले. कामावरून तसेच आले, सुट्टी असून स्लॅबचं काम होतं. वाढता वाढता विचारलं, "भावजी, चपला मिळाल्या तेव्हा ओल्या होत्या?"

"चिंब, वहिनी. दोन दिवस पाण्यात होत्या ना."

बोलले आणि सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई भात कालवत राहिल्या. कालवलेलाच भात पुन्हा पुन्हा कालवत राहिल्या.

भावजी गेल्यावर उंबरठ्यावर त्यांच्या बुटांची घाण पडली होती. झाडू घेतला, आणि झाडायच्या आधी खाली बसले. माती, राखाडी भुकटी, काळी रेती, खडीचा चुरा. करंडा आणून शेजारी ठेवायची गरज नव्हती. तरी आणला.

माठातलं पाणी पिणारं भूत. वेलची न चालणारं भूत. आंघोळ करून टॉवेल वाळत घालणारं. वीतभर जागेत त्याची आई, त्याचा भाऊ, मी, आणि मीच तेवढी त्याच्यावरून ये-जा करत होते. नजरेतून काही सुटत नाही म्हणे माझ्या.

आणि ते दुपटं. ते मी माझ्या पातळाचं करायला दिलं.

३१ जानेवारी

काल स्टुडिओत गोटे कालवताना हात थांबले. कुंडलिकने फावडं काढून घेतलं आणि म्हणाला, "आज राहू दे बाई. आज जसा हाये तसाच दाखवू." डायरेक्टरसाहेब दोन तास ओरडले. मला एक शब्द ऐकू आला नाही.

मेला असता तर बरं झालं असतं, असं आज मनात आलं. लिहून ठेवते. आलं ते आलं.

६ फेब्रुवारी

सासूबाईंनी अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही. "माका बरां वाटणा नाय, आवशीक आपल्या पोराचा असा करूक लावू नको," एवढंच. विधी पुढे ढकल म्हणतात. मी म्हटलं, भटजींना सांगून झालंय, पानं उद्या-परवा येतील. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी मुद्दामच बोलले. दोन दिवस तरी त्यांनी त्या पानांच्या माणसाकडे बघावं असं वाटलं मला. मी चांगली बाई आहे असं मी कधी म्हटलेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी भटजींच्या माणसाने पळसाची पानं आणून दिली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मी ती सासूबाईंच्या अंथरुणाशेजारी ठेवली. त्या उठून बसल्या आणि मागे सरकत सरकत भिंतीला टेकल्या. फडक्याखाली काहीतरी श्वास घेत असल्यासारखं त्या बघत होत्या. सुकलेल्या तोंडाने म्हणाल्या, "जित्या माणसाचा कसा करू गो?"

झालं. एवढंच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर वाटलं, कशाला ऐकलं.

मी ट्रंकेतून चपला काढल्या. लाडवांचा रिकामा डबा, दुपटं आणि चपला असं सगळं एका पिशवीत घातलं. चपला खाली, दुपटं वर. पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली.

"उद्या मुलुंडला जा, आई. ह्या घेऊन जा. रबरी स्लिपरने थंडीत टाचा फुटतात त्यांच्या."

त्यांनी पिशवीतलं दुपटं काढून मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "मुलगो आसा. बघूक येतलंस?" मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, संपात तो पार खचला होता, ती बाई त्याच गिरणीतली, तिला पहिल्या खेपेला दिवस गेले, ते मूल जगलं नाही, पण तेव्हा त्याला तुला तोंड दाखवायची लाज वाटली, जीव देतो म्हणाला, म्हणून नानाने हे सुचवलं आणि त्याला आपल्या कामावर ठेवून घेतलं. तुला विधवा म्हणून सगळे सांभाळून घेतील, टाकलेली म्हणून कोण सांभाळणार? तुझ्याच भल्यासाठी. सगळं शांतपणे सांगितलं. मीही शांतपणे ऐकलं. त्या फार रडल्या, आज माझ्यासमोर रडल्या. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही वेगळं करता येईना.

"आणि ही पानां?" त्यांनी विचारलं.

पळसाची चांगली ताजी पानं, वाया कशाला घालवायची? मी हिराच्या काड्या घेतल्या आणि पत्रावळी टाचायला बसले. थोड्या वेळाने सासूबाई सरकत जवळ आल्या, डोळे पुसले आणि पानं निवडून माझ्या हातात देऊ लागल्या. मोठी वेगळी, लहान वेगळी. संध्याकाळी त्यावरच आम्ही दोघी वरणभात जेवलो.

जेवताना तंबाखूचा वास आला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दारात कुणी नव्हतं. मेलेल्याचं भूत विधी करून घालवता येतं. राजारामचं कसं घालवायचं, ते भटजींना ठाऊक नसणार.

भांडी घासताना करंडाही घेतला. वाळू मोरीत ओतली, पाणी सोडलं. माती लगेच वाहून गेली, मग बारीक वाळू, जाड रेती जरा रेंगाळली, सिमेंटचा खडा जाळीपाशी राहिला. नवरा जिवंत आहे, आता कुंकू भरून ठेवायला कुणाची हरकत नाही. करंडा धुतला, पुसला आणि फळीवर पालथा घातला.